पायथॉनची लायब्ररी रिपॉझिटरीत आणायची, तर नेमकं काय अंगावर घ्यायचं?

प्रश्न थोडक्यात असा: पायथॉनमध्ये लिहिलेला एक छोटा कमांड-लाइन प्रोग्राम आहे आणि तो डेबियन या लिनक्स वितरणाच्या रिपॉझिटरीत, म्हणजे तयार पॅकेजेसच्या सामाईक साठ्यात, यावा अशी इच्छा आहे. त्याला १४ लायब्ररी लागतात. त्यांतल्या ११ रिपॉझिटरीत आधीपासून आहेत, तीन नाहीत. त्या तिघींपैकी एक फक्त टॉमल या सेटिंग्जच्या फॉरमॅटमधली फाइल वाचण्यासाठी लागते आणि तिची नवी आवृत्ती कित्येक वर्षांत आलेली नाही. विचारणाऱ्यांचं म्हणणं असं की, ‘पिपने (पायथॉनच्या लायब्ररी बसवणाऱ्या साधनाने) मिनिटभरात सगळं बसतं आणि चालतं. मग पॅकेज करायला एवढा वेळ का लागतो? आणि एकदा केलं की पुढे काय काय करत राहावं लागतं?’

मी बरीच वर्षं पायथॉनची पॅकेजेस सांभाळते आहे. मधल्या काळात थोडी पर्ल भाषेतली सांभाळली, आणि नाइलाज म्हणून थोडी रस्ट भाषेतलीही. त्यामुळे उत्तर पायथॉनकडे झुकलेलं असणार, ते सांभाळून घ्या.

पॅकेज बनवायला एक दुपार पुरते. सराव असेल तर तासभर. वेळ खातं ते त्यानंतरचं सगळं, आणि त्याचं मूळ एका साध्या नियमात आहे: रिपॉझिटरीत एका लायब्ररीची साधारणपणे एकच आवृत्ती असते. पिपमध्ये प्रत्येक प्रोजेक्टचं बिऱ्हाड वेगळं. या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये १.८, शेजारच्यात २.३, कुणाचं कुणाशी काही देणंघेणं नाही. रिपॉझिटरीत मात्र त्या लायब्ररीवर चालणारे सगळे प्रोग्राम एकाच आवृत्तीवर नांदतात. एकाला २ च्या खालची हवी आणि दुसऱ्याला २ च्या वरची, असं झालं की पिप म्हणतो ‘वेगळे राहा’. रिपॉझिटरीत कुणीतरी बसून दोघांपैकी एकाचा कोड दुरुस्त करावा लागतो. ते ‘कुणीतरी’ म्हणजे मेंटेनर. म्हणजे उद्या तुम्ही.

ही दोन जगं एकमेकांत मिसळली की काय होतं ते जुन्या लोकांना आठवत असेल. सुडो लावून, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, पिप चालवलं की नवी लायब्ररी सिस्टिमच्या लायब्ररीच्या आधी सापडायची आणि डेबियनची स्वतःची साधनं कोसळायची. म्हणून पेप ६६८ (पेप म्हणजे पायथॉनमधल्या बदलांचा क्रमांकित प्रस्ताव) आलं, आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून सिस्टिमच्या पायथॉनमध्ये पिप थेट काही बसवू देत नाही, ‘हे एन्व्हायर्नमेंट बाहेरून सांभाळलं जातं’ असं सांगून थांबतो. लोक त्यावर चिडतात. मला तो निर्णय योग्य वाटतो. त्या आधीच्या वर्षांत आलेले कितीतरी बग रिपोर्ट मी ‘पिपने बसवलेलं काढून पाहा’ एवढं लिहून बंद केले आहेत.

आता कामाकडे. हात लावण्याआधी दोन गोष्टी पाहायच्या. पहिली म्हणजे ही लायब्ररी कुणाला हवी आहे. तुमच्या बाबतीत उत्तर आहे: एक प्रोग्राम आहे, त्याला ती लागते. हे चांगलं. ‘पुढे कुणाला तरी उपयोगी पडेल’ म्हणून आणलेली लायब्ररी दोन-तीन वर्षांत बेवारस होते, असा माझा अनुभव आहे, आणि त्यात माझीही दोन पॅकेजेस आहेत.

दुसरी म्हणजे लायसन्स, आणि इथे आळस अजिबात नको. पायपीआयच्या, म्हणजे पिप जिथून लायब्ररी उतरवतो त्या साठ्याच्या, पानावर ‘एमआयटी’ हे मोकळं लायसन्स लिहिलेलं असतं तेवढ्यावर विसंबू नका, टारबॉल (सोर्सची एकत्र बांधलेली फाइल) उघडून आत काय काय आहे ते बघा. डॉक्युमेंटेशनच्या फोल्डरमध्ये मिनिफाय केलेली (दाबून वाचता न येण्याजोगी केलेली) जावास्क्रिप्ट असते, जिचा मूळ सोर्स सोबत नसतो. कुठूनतरी उचललेला फॉन्ट असतो. एखादी फाइल दुसऱ्याच प्रोजेक्टमधून कॉपी केलेली असते आणि तिच्या डोक्यावर वेगळंच लायसन्स असतं. त्यातलं सगळ्यांत गमतीदार म्हणजे जेसन लायसन्स: बाकी सगळं एमआयटीसारखं, पण एक ओळ जास्तीची, की हे सॉफ्टवेअर चांगल्यासाठी वापरावं, वाईटासाठी नाही. वाचायला सात्त्विक वाटतं. पण वापर कशासाठी करायचा यावर अट आली, आणि डेबियनच्या मार्गदर्शक तत्त्वांत अशी अट चालत नाही. त्या एका ओळीपायी लोकांना चालता कोड काढून नवा लिहावा लागला आहे.

नावाचंही लगेच उरकते. डेबियनमध्ये पायथॉन लायब्ररीच्या पॅकेजचं नाव इंपोर्ट करताना लिहितो त्या मॉड्यूलवरून ठेवतात, पायपीआयवरच्या नावावरून नाही. म्हणून तिथली ‘ब्यूटिफुलसूप४’ इथे ‘पायथॉन३-बीएस४’ होते आणि ‘पायवायएएमएल’ होते ‘पायथॉन३-यामल’. नवीन माणूस चुकीच्या नावाने शोधतो, सापडत नाही म्हणून तीच लायब्ररी पुन्हा पॅकेज करायला घेतो. तुमच्या तिन्ही लायब्ररी खरंच नाहीत ना, हे मॉड्यूलच्या नावाने एकदा तपासा.

प्रत्यक्ष बिल्डमध्ये, म्हणजे सोर्सपासून पॅकेज बनवताना, काय घडतं ते एका उदाहरणाने सांगते, कारण नियमावलीत ते कळत नाही. एक लायब्ररी होती, बायनरी फॉरमॅटच्या फाइल्स वाचणारी. थोडा सी कोड, बाकी पायथॉन. पायपीआयवरून सोर्स टारबॉल घेतला. आत टेस्टचं फोल्डरच नव्हतं, बरेच लेखक ते टारबॉलमध्ये घालत नाहीत. टेस्टशिवाय पॅकेज म्हणजे डोळे मिटून गाडी चालवणं, म्हणून गिटच्या (कोडचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाच्या) टॅगवरून, म्हणजे त्या आवृत्तीच्या खुणेवरून, बनलेला टारबॉल घेतला. आता टेस्ट मिळाल्या, पण बिल्ड पहिल्याच पायरीवर अडलं: आवृत्ती कोणती ते कळत नाही. कारण ही लायब्ररी आपला नंबर सेटअपटूल्स-एससीएमकडून घेत होती, आणि ते साधन नंबर काढतं गिटच्या टॅगवरून. टारबॉलमध्ये गिटचा इतिहास नसतो. अशा वेळी नंबर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून हाताने सांगावा लागतो, किंवा बिल्डचं साधन तो पॅकेजच्या चेंजलॉगमधून उचलून देतं. हे अडलं ते बरंच झालं. काही लायब्ररींमध्ये ‘नंबर सापडला नाही तर ०.०.० धरा’ अशी सोय केलेली असते. तिथे बिल्ड गुपचूप पार पडतं आणि महिन्याभराने दुसरंच कुठलं तरी पॅकेज तक्रार करतं, की मला १.४ च्या पुढची आवृत्ती हवी आणि इथे तर ०.०.० दिसतेय.

मग टेस्ट चालल्या. तीन सोडून सगळ्या पास. पहिली नापास कारण ती इंटरनेटवरून एक नमुना फाइल उतरवत होती. डेबियनच्या बिल्ड मशीनवर बाहेरचं नेटवर्क नसतं आणि नसावंच, सोर्समध्ये जे आहे तेवढ्यावरच पॅकेज बनलं पाहिजे. ही टेस्ट वगळली, वगळण्याचं कारण पॅकेजच्या रूल्स फाइलमध्ये लिहून ठेवलं. दुसरी टेस्ट ‘आजची तारीख’ दोन वेगळ्या टाइमझोनमध्ये काढून त्या सारख्या आहेत का ते बघत होती. लेखकाच्या लॅपटॉपवर दिवसभर पास, मध्यरात्रीच्या आसपास नापास. तिला तारीख बाहेरून देता येईल असा छोटा पॅच (कोडमधला बदल) केला.

तिसरी टेस्ट माझ्या मशीनवर व्यवस्थित चालत होती, पण एस३९०एक्स या मेनफ्रेमच्या प्रोसेसरच्या आर्किटेक्चरवर नापास. तिथे बाइट्सचा क्रम उलटा असतो, म्हणजे संख्येचा मोठा भाग आधी. अशा वेळी मोह होतो की या आर्किटेक्चरवर टेस्ट बंद करावी आणि पुढे जावं, मेनफ्रेमवर ही लायब्ररी कोण वापरणार आहे! पण ते म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. तासभर कोड वाचल्यावर सापडलं: फाइलच्या हेडरमधली लांबी पायथॉनच्या स्ट्रक्ट मॉड्यूलने वाचली जात होती आणि फॉरमॅटच्या सुरुवातीला बाइट्सचा क्रम सांगितलाच नव्हता. न सांगितल्यास पायथॉन त्या मशीनचा स्वतःचा क्रम धरतो. म्हणजे एका मशीनवर लिहिलेली फाइल दुसऱ्या प्रकारच्या मशीनवर वाचताच आली नसती. हा लायब्ररीतला खरा बग होता, टेस्ट बिचारी प्रामाणिक होती. दुरुस्ती? फॉरमॅटच्या सुरुवातीला ‘<’ हे एक चिन्ह. लेखकाला पाठवलं, त्याचं पहिलं उत्तर ‘हे कोण वापरतं?’ असंच आलं. फाइल कशी बिघडते ते दाखवल्यावर त्याने ते घेतलं आणि पुढच्या आवृत्तीत आणखी दोन ठिकाणी स्वतःहून दुरुस्त केलं.

नापास झालेली टेस्ट वगळायची की खणत बसायचं, याचा काही नियम देता येत नाही. माझी सवय एवढीच: नापास का झाली ते एका वाक्यात लिहिता आलं तरच वगळते. ‘माहीत नाही, पण इथे चालत नाही’ असं लिहायची वेळ आली तर वगळत नाही.

पॅकेज आत गेलं. नव्या पॅकेजची लायसन्ससकट तपासणी होते, त्या रांगेत थांबावं लागतं, आणि तुमच्याकडे अपलोडचा अधिकार नसल्याने एखादा डेबियन डेव्हलपर प्रायोजक म्हणून गाठावा लागतो. तो गाठण्याचा सोपा मार्ग म्हणजे पायथॉन टीममध्ये सामील होऊन त्यांच्या गिट रिपॉझिटरीत काम करणं. एकट्याने ठेवलेल्या पॅकेजपेक्षा टीमचं पॅकेज कधीही बरं, तुम्ही महिनाभर आजारी असलात तरी कुणीतरी हात लावू शकतं.

आता जिथे वर्षं जातात तो भाग. नवी आवृत्ती आल्याचं कळणं सोपं आहे. कुठे शोधायचं ते सांगणारी वॉच फाइल लिहून ठेवली की यूस्कॅन हे साधन स्वतः शोधतं, फेडोरा आणि निक्स या दुसऱ्या वितरणांकडेही त्यासाठी आपापली स्वयंचलित साधनं आहेत. नवी आवृत्ती बिल्ड करणंही सोपं. पण अपलोड करण्याआधी बघावं लागतं की हिच्यावर कोण कोण उभं आहे. रिव्हर्स डिपेंडन्सींची यादी काढायची, त्यातलं प्रत्येक पॅकेज नव्या लायब्ररीसोबत पुन्हा बिल्ड करून बघायचं, त्यांच्या टेस्ट चालवायच्या. निक्समध्ये याला निक्सपॅकेजेस-रिव्ह्यू आहे, डेबियनमध्ये रॅट नावाचं साधन आहे. यादीत चार पॅकेजेस असतील तर संध्याकाळी होतं. चारशे असतील तर आधी एक्सपेरिमेंटल या डेबियनच्या प्रयोगाच्या विभागात अपलोड करायचं, काय काय मोडतंय ते तिथे बघायचं, मोडणाऱ्या प्रत्येकाला बग लावायचा, शक्य असेल तिथे पॅचसकट, आणि पुरेसे दुरुस्त झाले की मगच अनस्टेबल या रोजच्या कामाच्या विभागात यायचं. हे न करता अपलोड केलंत तरी व्यवस्था तुम्हाला पकडते: तुमच्यामुळे दुसऱ्याची टेस्ट मोडली तर तुमचं पॅकेज अनस्टेबलमधून टेस्टिंगमध्ये, म्हणजे पुढच्या डेबियनची तयारी होते त्या विभागात, सरकत नाही. पण तोवर त्या दुसऱ्या मेंटेनरचा रविवार गेलेला असतो, आणि तो ते विसरत नाही.

यात एक वारंवार भेटणारा काटा म्हणजे वरच्या मर्यादा. लेखक आपल्या पायप्रोजेक्ट फाइलमध्ये लिहितो की अमुक लायब्ररी ‘२ पेक्षा कमी’ हवी. बहुतेक वेळा २ आलेलीच नसते, त्याने नुसत्या भीतीपोटी लिहिलेलं असतं. पिपच्या जगात ते खपतं. इथे २ आली की तुमचं पॅकेज अडकतं. माझी पद्धत अशी की मर्यादा तात्पुरती काढून टेस्ट चालवायच्या, सगळ्या पास झाल्या तर मर्यादा सैल करणारा पॅच ठेवायचा आणि लेखकाला कळवायचं. पण डोळे झाकून सगळ्या मर्यादा काढू नका. जून २०२४ मध्ये नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीची २.० आली तेव्हा सी एक्स्टेन्शनच्या (सी भाषेत लिहिलेल्या भागांच्या) पातळीवरची सुसंगतताच बदलली होती, तिथे ‘२ पेक्षा कमी’ लिहिणाऱ्यांचं बरोबर होतं. आणि जुन्या सेटअपटूल्स या पॅकेजिंगच्या साधनाने बनवलेली कमांड सुरू होतानाच मेटाडेटामधल्या सगळ्या अटी तपासायची, त्यामुळे कोड पूर्ण चालण्याजोगा असूनही प्रोग्राम पहिल्या ओळीवर मरायचा. ते आता मागे पडलं आहे, पण एखादा जुना प्रोग्राम अजूनही तसा भेटतो.

आणि मग खुद्द पायथॉन बदलतो. दरवर्षी ऑक्टोबरमध्ये नवी आवृत्ती. डेबियनमध्ये ते टप्प्याटप्प्याने होतं: आधी नवा पायथॉन जुन्याच्या जोडीला ‘चालणारा’ म्हणून येतो, सगळी एक्स्टेन्शन्स दोन्हींसाठी पुन्हा बिल्ड होतात, बगांचा पाऊस पडतो, मग नवा मुख्य होतो, शेवटी जुना काढतात. ३.१२ ने डिस्टयूटिल्स (पॅकेज बनवायचं जुनं मॉड्यूल) काढलं आणि इंप मॉड्यूलही काढलं. युनिटटेस्ट या टेस्ट लिहिण्याच्या मॉड्यूलमधली ‘असर्ट-इक्वल्स’सारखी जुनी नावंही त्याच वेळी गेली, दहा वर्षांहून जास्त काळ इशारे दिल्यानंतर. तरीही शेकडो ठिकाणी ती होतीच. ३.१३ ने पेप ५९४ प्रमाणे १९ जुनी मॉड्यूल्स काढली, त्यात टेलनेटलिब, सीजीआय, क्रिप्ट अशी ओळखीची मंडळी. २०२३ च्या डेबियन १२ मध्ये पायथॉन ३.११ होता, ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ मध्ये ३.१३. त्या दोन आवृत्त्यांच्या मधल्या दोन वर्षांत माझा पॅकेजिंगचा निम्म्याहून जास्त वेळ या एकाच बदलात गेला. नवं काहीच आणलं नाही, जे आहे ते उभं ठेवलं.

कधी कधी तडाखा भलत्याच दिशेने येतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये पायथॉनच्या क्रिप्टोग्राफी लायब्ररीची ३.४ आवृत्ती आली आणि ती बिल्ड करायला रस्टचा कंपायलर लागू लागला. पायथॉनच्या एका लायब्ररीसाठी अख्खा रस्ट! नाकापेक्षा मोती जड. ज्या जुन्या आर्किटेक्चरवर रस्ट पोहोचलेलाच नव्हता तिथे ही लायब्ररी अडली, आणि तिच्यासोबत तिच्यावर अवलंबून असलेलं बरंच काही. सुरक्षेच्या दृष्टीने लेखकांचा निर्णय चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. पण त्या आठवड्यात मेंटेनरांच्या तोंडी काय शब्द होते ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

भाषेभाषेत फरक किती पडतो तेही सांगायला हवं, कारण पुढे-मागे तुम्ही दुसऱ्या भाषेकडे वळाल. पर्ल म्हणजे निवांतपणा. सीपॅन हे पर्लच्या लायब्ररींचं भांडार १९९५ पासून चालू आहे, जुना कोड मोडायचा नाही अशी तिथली शिस्त आहे, आणि डेबियनची पर्ल टीम तीन हजारांहून जास्त पॅकेजेस अशा सफाईने सांभाळते की हेवा वाटावा. हॅस्केलमध्ये उलट: प्रत्येक लायब्ररीच्या ओळखीतच तिच्या खालच्यांचा हॅश (त्यांच्यावरून काढलेली खूण) गुंफलेला, तळाशी एक दगड हलला की वरची अख्खी उतरंड क्रमाने पुन्हा बिल्ड करायची. गो आणि रस्टमध्ये लायब्ररीचं पॅकेज म्हणजे फक्त सोर्स. तो शेवटच्या प्रोग्राममध्ये मुरतो. लायब्ररीत सुरक्षेचा दोष निघाला की लायब्ररी दुरुस्त करून भागत नाही, ती ज्या ज्या प्रोग्राममध्ये मुरली आहे ते सगळे शोधून पुन्हा बिल्ड करावे लागतात. जावास्क्रिप्टच्या एनपीएम या साठ्याबद्दल मी न बोललेलं बरं. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड हे ११ ओळींचं पॅकेज लेखकाने काढून घेतलं आणि जगभरची बिल्ड्स पडली. एवढ्या छोट्या गोष्टीचं वेगळं पॅकेज डेबियनमध्ये सहसा करतच नाहीत, अशा चार-सहा एकाच पॅकेजमध्ये बांधतात.

सुरक्षेचा विषय निघालाच आहे तर एक्सझेड या फाइल्स दाबून लहान करणाऱ्या साधनाबद्दल बोललं पाहिजे, कारण त्यानंतर माझ्या रोजच्या कामात एक गोष्ट कायमची बदलली. २९ मार्च २०२४ ला अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेव्हलपरने जाहीर केलं की एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मागचा दरवाजा, म्हणजे गुपचूप आत शिरायची वाट, ठेवलेला आहे. त्याला तो सापडला कारण एसएसएच लॉगिनला, म्हणजे दूरच्या मशीनमध्ये शिरायला, साधारण अर्धा सेकंद जास्त लागत होता आणि त्याला ते खटकलं. डेबियनच्या टेस्टिंग आणि अनस्टेबलमध्ये ती आवृत्ती पोहोचली होती, लोक वापरतात त्या स्टेबलमध्ये नाही. इथे आपल्या कामाचा मुद्दा असा: विषारी डेटा टेस्ट फाइल म्हणून गिटमध्ये होता, पण तो बिल्डच्या वेळी उलगडणारी एम४ स्क्रिप्ट गिटमध्ये नव्हतीच, फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये होती. गिट वाचून ती कुणालाच दिसली नसती. तेव्हापासून मी नव्या आवृत्तीचा टारबॉल आणि गिटचा टॅग दोन्ही उतरवून त्यांचा डिफ (फरकांची यादी) काढते. पायथॉनमध्ये हा डिफ सहसा छोटा असतो: मेटाडेटाची फाइल, आवृत्तीची फाइल, एखादी बनवलेली पार्सर फाइल. त्यापलीकडे काही दिसलं तर थांबते. दहा मिनिटांचं काम आहे. आवृत्तीच्या नंबरावरून घोटाळा झालेला तो टारबॉल आठवतो ना, तिथेही हाच डिफ उपयोगी पडला असता.

एखाद्या लायब्ररीने पोटात भरून सोबत आणलेल्या दुसऱ्या लायब्ररींचाही त्रास याच जातीचा. सप्टेंबर २०२३ मध्ये लिबवेबपी या वेबपी चित्रांच्या लायब्ररीत गंभीर दोष निघाला. डेबियनमध्ये लिबवेबपी एकदा दुरुस्त झाली आणि तिला सामाईकपणे वापरणारे सगळे प्रोग्राम सावरले. पायपीआयवरच्या पिलो या चित्रांच्या लायब्ररीच्या व्हीलमध्ये (आधीच बिल्ड केलेल्या पॅकेजमध्ये) मात्र लिबवेबपी आतच भरलेली असते, म्हणून पिलोला स्वतंत्र १०.०.१ काढावी लागली, आणि ती कोण कधी उतरवून घेईल ते ज्याच्या त्याच्या हाती. म्हणून लायब्ररीच्या पोटात ‘व्हेंडर’ नावाचं फोल्डर दिसलं की ते काढून रिपॉझिटरीतली प्रत जोडायचा प्रयत्न करा. प्रत्येक वेळी जमत नाही. लेखकाने आत घेतलेल्या प्रतीत स्वतःचे बदल केलेले असले तर सोडून द्या आणि निदान नोंद ठेवा.

लेखकाशी, म्हणजे अपस्ट्रीमशी, कसं वागायचं यावर दोन शब्द. तो बहुतेक वेळा एकटा असतो, फावल्या वेळात काम करतो, आणि त्याच्या दृष्टीने तुम्ही त्याच्या कोडमध्ये न विचारता बदल करून तो लोकांना वाटणारे परके. एक्सझेडमध्ये थकलेल्या एकट्या मेंटेनरवर दबाव आणूनच मागचा दरवाजा ठेवणाऱ्या माणसाने आत शिरकाव केला होता, हे लक्षात असू द्या. ‘डेबियनमध्ये हे मोडतंय, लवकर दुरुस्त करा’ असं लिहू नका. काय मोडतं, कसं पुन्हा घडवून बघायचं, आणि हा घ्या पॅच, एवढं लिहा. उत्तर नाही आलं तर पॅच आपल्याकडे ठेवा, वरती कारण, तारीख आणि कुठे पाठवला ते लिहून. दोन वर्षांनी तो पॅच नव्या आवृत्तीवर बसत नाही तेव्हा तुम्हालाच आठवत नाही की तो होता कशासाठी. माझ्याकडे असा एक आहे, कारण लिहिलेलं नाही, काढायची हिंमत होत नाही.

सोडून द्यायलाही शिका. वेळ उरला नाही तर पॅकेज जाहीरपणे अनाथ म्हणून नोंदवता येतं, त्यात कमीपणा काही नाही. नाव तुमचं आणि बग तीन वर्षं अनुत्तरित, याने जास्त नुकसान होतं, कारण नाव दिसतं म्हणून दुसरं कुणी हात लावत नाही. ज्याला वापरणारंच कुणी उरलं नाही ते काढून टाकायला सांगा.

आता तुमच्या तीन लायब्ररी. त्यांच्यातल्या ज्या लायब्ररीला रिपॉझिटरीत नसलेलं काहीही लागत नाही तिच्यापासून सुरुवात करा, मग तिच्यावर उभी असलेली. जी टॉमल वाचणारी जुनी लायब्ररी आहे ती मात्र पॅकेज करू नका. पायथॉन ३.११ पासून टॉमललिब हे मॉड्यूल पायथॉनसोबतच येतं, आणि डेबियन १२ मध्येही ३.११ आहे. प्रोग्राममध्ये ती जुनी लायब्ररी कुठे कुठे इंपोर्ट होते ते शोधा. फक्त वाचायला वापरली असेल तर बदल चार-पाच ओळींचा आहे. दोन गोष्टी जपा: टॉमललिब फक्त वाचतं, लिहीत नाही, आणि त्याच्या लोड फंक्शनला फाइल बायनरी मोडमध्ये उघडून द्यावी लागते, नाहीतर टाइप एरर येतो. लेखकाला पायथॉनच्या जुन्या आवृत्त्याही चालवायच्या असतील तर त्यांच्यासाठी टॉमली ही तशीच लायब्ररी आहे, इंपोर्ट फसला तर ती घ्यायची. हा बदल आधी प्रोग्रामच्या लेखकाला पाठवा, पॅकेजिंगचा उल्लेखही करायची गरज नाही. तो उत्तर देईपर्यंत पहिल्या लायब्ररीचा टारबॉल उतरवा आणि आत टेस्ट आहेत का ते बघा.